पहिल्या नंबराला काय मिळतं?

माणूस चांगला साडेसहा फुटी, हात हे एवढे लांब, आणि लोक त्याला म्हणत काय, तर पाचमिन्ट्या! पण नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. धंद्याने तो गोलकीपर. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात वर्षानुवर्षं पगारी नोकर. आणि एवढ्या वर्षांत मैदानावर काढलेला सगळा वेळ गोळा केला, तरी एक धड सामना भरला नसता. बाकीचा वेळ बाकावर. अंगात जाड जॅकेट, मांडीवर हातमोजे, आणि नजर समोर.

त्याला ठेवला होता एकाच कामासाठी. बाद फेरीत सामना बरोबरीत सुटला, जादा वेळही बरोबरीत गेला, की पेनल्ट्या येतात. एकेक खेळाडू बारा पावलांवर चेंडू ठेवणार, मारणार, आणि समोर एकटा गोली. या पेनल्ट्या अडवण्यात पाचमिन्ट्याचा हात धरणारा अख्ख्या लीगमध्ये कोणी नव्हता. जादा वेळेची शेवटची पाच मिनिटं उरली की कोच मान न वळवताच बोट वाकवायचे, हा जॅकेट काढायचा, नेहमीचा गोली बाहेर यायचा आणि हा आत. युक्ती विचारली तर सांगायचा, “काही नाही हो, मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघायचा. पाय जिकडे बघतो तिकडे चेंडू जातो.” ऐकणारे दुसऱ्या दिवशी करून बघायचे आणि उलट्या बाजूला पडायचे.

आता एवढं बाकावर बसल्यावर माणूस एकतर पेंगतो, नाहीतर विचार करतो. पाचमिन्ट्याला विचार करायची खोड लागली. विचार म्हणजे मोठं तत्त्वज्ञान नव्हे हो, नुसत्या शंका. बसचा ड्रायव्हर परतताना वेगळ्या रस्त्याने का येतो? थ्रो हातानेच का? रेफ्रीला आपल्या घरचा क्लब आवडत असेल का, आणि आवडत असेल तर तो काय करतो? उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. रेफ्री लोक त्याला लांबून बघून रस्ता बदलत.

तर अशा माणसाला त्याच्या ताईने एक प्रश्न विचारला, आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. शेजारच्या शहरातल्या क्लबाच्या खाणावळीत मुख्य स्वयंपाकीण. तो क्लब म्हणजे लीगमधला सगळ्यात बलाढ्य. खेळाडूंनी काय खायचं, किती खायचं, कोणाला दुसऱ्यांदा वाढायचं नाही, सगळं ताईच्या हातात. तिच्या समोर भलेभले स्ट्रायकर ताट पुढे करून निमूट उभे राहत.

त्या वर्षी लीगचे आठ महिने संपले तेव्हा ताईचा क्लब गुणतक्त्यात सगळ्यात वर होता. नुसता वर नाही, दुसऱ्याकडे मागे वळून बघावं लागणार नाही इतका वर. आणि पाचमिन्ट्याचा क्लब आठवा, म्हणजे पडत-झडत, नववा हरला म्हणून आठवा. पण या लीगचा कायदा असा की पहिले आठ क्लब बाद फेरीत जातात, आणि बाद फेरी जिंकेल तो विजेता. पहिल्याची गाठ आठव्याशी, एकच सामना, पहिल्याच्या मैदानावर. हरला तो घरी.

पाचमिन्ट्याच्या कोचनी काय करावं? अकराच्या अकरा माणसं गोलपुढे उभी केली आणि सांगितलं, “चेंडू दिसला की लाथ मारा. बाकी काही करू नका.” दोन तास ताईचा क्लब धडका मारत राहिला. गोल काही होईना. शेवटची पाच मिनिटं आली, कोचचं बोट वाकलं, पाचमिन्ट्या आत गेला आणि त्याने तीन पेनल्ट्या अडवल्या. झालं! आठ महिने सगळ्यांना लोळवणारा क्लब एका दुपारी घरी. पुढच्या फेरीत हेच, त्याच्या पुढच्या फेरीत हेच, आणि चषक आला आठव्या नंबराच्या घरात. एकाही सामन्यात गोल न मारता विजेते! शहर वेडं झालं. न्हावी त्याचे केस फुकट कापायला लागला, आणि बसमध्ये म्हातारे उठून त्याला जागा द्यायला लागले.

ताईचा मात्र फोन नाही. आठवडाभर वाट बघून तो स्वतःच तिच्या घरी गेला. तिने दार उघडलं, “या, विजेते,” म्हणाली, आणि आत वळली. जेवायला वाढलं, पण ताट असं ठेवलं की आतलं निम्मं टेबलावर आलं.

“ताई, बोल ना काहीतरी.”

“काय बोलू? पुढच्या आठवड्याचं सगळं सामान भरून ठेवलं होतं मी. आमचा कॅप्टन खाणावळीत आला, खुर्चीवर बसला आणि नुसतं पाणी पिऊन गेला. एवढा दांडगा गडी, पाणी पिऊन गेला!” तिने हातातला डाव खाली ठेवला. “मला तुझा राग नाही आला रे. तू तुझं काम केलंस. मला फक्त एवढं सांग, आठ महिने आम्ही सगळ्यांच्या वर राहिलो. पहिल्या नंबराला मिळालं काय?”

“स्वतःचं मैदान मिळालं की.”

“मैदान आमचंच होतं आधीपासून!”

ताईच पुढे म्हणाली, “घरात तरी वेगळं काय होतं म्हणा. मी मोठी. मोठेपणाचं मला काय मिळालं? तुला शाळेत सोडायचं काम.” मग दोघंही हसले, आणि तिने त्याला दुसऱ्यांदा वाढलं. पण परतीच्या बसमध्ये तो प्रश्न त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि उतरायला तयार होईना.

प्रश्न ताईचा एकटीचा नव्हता. सगळ्या लीगमध्ये बोंबाबोंब झाली होती. आठवाच जिंकणार असेल तर आठ महिने घाम गाळायचा कशाला, असं जो तो विचारत होता. तेव्हा लीगने एक समिती नेमली. वरच्या नंबराला बाद फेरीत काय फायदा द्यावा, जेणेकरून त्याचे कष्ट वाया जाणार नाहीत आणि खालच्यालाही आशा राहील, हे ठरवायचं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई, त्यांना सगळे मॅडम म्हणत. शिवाय दोन क्लबमालक, टीव्ही चॅनेलचे एक साहेब, एक निवृत्त रेफ्री, आणि खेळाडूंचा एक प्रतिनिधी. खेळाडूंपैकी बैठकीला बसायला कोण तयार होणार? सगळ्यांनी काखा वर केल्या. पाचमिन्ट्या मात्र आनंदाने गेला. बसण्याची सवय होती, आणि प्रश्न विचारायला पगारी माणसं समोर मिळणार होती.

बैठकांचं जे गुऱ्हाळ चाललं, विचारू नका. एका मालकांनी सुचवलं, पहिल्या दोघांना पंधरा दिवस विश्रांती द्या. रेफ्री म्हणाले, “दिली होती एका वर्षी. दोघंही सुस्तावले आणि पहिल्याच सामन्यात आपटले. बक्षीस कसलं, शिक्षाच झाली ती.” दुसऱ्या मालकांनी डोकं चालवलं, पहिल्याला आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडू द्या. हे पाचमिन्ट्याला फार आवडलं. तो लगेच दुसऱ्या दिवशी आपल्या कोचना विचारायला गेला.

“साहेब, निवडायचा हक्क मिळाला तर घ्याल?”

“वेडा आहेस का? ज्याला निवडीन त्याला वाटेल, याने मला सगळ्यात फडतूस ठरवलं. तो मला फाडून खाईल! असला हक्क शत्रूला द्यावा.”

मग चॅनेलवाले साहेब म्हणाले, पहिल्याला एका गोलची आघाडी देऊन सामना सुरू करू. मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तो विषय तिथेच मिटला.

शेवटी रेफ्रींनी मांडलं ते असं. सामना वरच्या नंबराच्या मैदानावर. जादा वेळेनंतरही बरोबरी असेल तर पेनल्ट्या नाहीत, वरचा नंबर पुढे गेला. म्हणजे वरच्याला बरोबरी पुरे, खालच्याला मात्र जिंकावंच लागेल.

हळूहळू खोलीतल्या सगळ्यांच्या माना पाचमिन्ट्याकडे वळल्या. त्याला आधी कळेचना, हे माझ्याकडे काय बघतायत. मग कळलं. पेनल्ट्या नाहीत म्हणजे पाचमिन्ट्या नाही. अडतिशीला आलेल्या, दुसरं काहीही न येणाऱ्या गोलीला कोण ठेवणार? त्याने भांडायला हवं होतं तिथेच. पण खोड वाईट! त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

“असं केलं तर खेळ कसा होईल हो? कोणी करून बघितलंय का?”

कोणी बघितलं नव्हतं. तेव्हा त्याने कोचच्या मागे भुणभुण लावली आणि सरावाच्या दोन दुपारी मागून घेतल्या. पहिल्या दुपारी जुना कायदा. लाल आणि निळे, दोन संघ. सामना बरोबरीत राहिला, आणि शेवटचा अर्धा तास दोन्हीकडचे लोक चेंडू मागच्या मागे फिरवत बसले. पाचमिन्ट्या रेषेवर उभा राहून बघत होता. त्याने एका निळ्याला हाक मारली, “अरे, पुढे का जात नाहीस?”

“कशाला उगाच? अंगावर आलं तर? राहू दे बरोबरी, मग तू आहेस ना.”

लालवाला म्हणाला, “आणि आज तू आमच्याकडून आहेस असं मला वाटलं.”

पाचमिन्ट्या तिथेच थबकला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, सामना संपत आला की आपण आत जातो. आज दिसलं ते उलटंच. आपण आहोत म्हणून सामना आधीच संपतो. जिंकणारे, हरणारे, बघणारे, सगळे अर्धा तास त्याची वाट बघत उभे. ही गोष्ट त्याला जिव्हारी लागली, पण त्याहून जास्त नवल वाटलं, की बाकावर इतकी वर्षं बसून हे आपल्याला दिसलं कसं नाही!

दुसऱ्या दुपारी नवा कायदा. निळ्यांना बरोबरी पुरे. शेवटच्या अर्ध्या तासात लाल असे सुटले की गोली सोडून सगळे पुढे. त्यांच्या मागे मोकळं रान पडलं, त्यात निळ्यांनीही दोनदा घुसून बघितलं. निळ्यांनी वेळ काढायला नाटकंही केली बरं का, एकाच्या पोटरीत गोळा आला तो चेंडू लांब गेल्यावर बरा झाला. कायदा काही सोन्याचा नव्हता. पण कोणीतरी एक जण सतत गोल मारायला धडपडत होता, आणि मैदानाबाहेरचा माळीसुद्धा पाइप हातात धरून बघत राहिला. पाइपमधलं पाणी त्याच्या बुटात.

त्या संध्याकाळी तो बायकोच्या दुकानात गेला. तिचं चष्म्याचं दुकान, डोळे तीच तपासायची. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायची, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची आणि काचा बदलत विचारायची, “हे बरं की हे?” लोक घाबरतात, परीक्षा असल्यासारखं बरोबर उत्तर शोधायला बघतात. ती सांगायची, “बरोबर-चूक काही नसतं हो, दिसतं ते सांगा. मला खूश करायला बोललात तर चष्मा चुकेल तुमचाच.”

गिऱ्हाईक गेल्यावर तो त्याच खुर्चीत बसला आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच भडकली.

“आणि तुझं काय?”

“माझं काय. सोडतील.”

“मग समितीत गेलास कशाला? कोणी बोलावलं होतं का? जगात सगळ्यांना न्याय मिळायचा राहिलाय, आणि तो आपल्याच पोटावर पाय देऊन द्यायचाय का? ताईला वाईट वाटलं, मान्य. तिची नोकरी नाही गेली!”

“मी कुठे म्हटलं बाजूने मत देणार.”

“तोंडावर लिहिलंय तुझ्या. मी दिवसभर लोकांचे डोळेच बघते.”

दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीला निघताना, तिने त्याच्या शर्टची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “दिसतं ते सांग. माझ्याकडे बघून सांगू नकोस.” आणि दार लावून घेतलं.

बैठकीत आधीच ठरलं होतं की नव्या कायद्याला सहांपैकी चार मतं हवीत, नाहीतर जुना चालू. मॅडम, रेफ्री आणि एक मालक बाजूने. दुसरे मालक विरोधात. चॅनेलवाले तर कडाडून विरोधात, पेनल्ट्या म्हणजे लोक खुर्चीच्या टोकावर येऊन बघतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. मॅडम पाचमिन्ट्याकडे वळल्या. बाई कडक, पण आवाज मऊ केला.

“यात तुमचा स्वतःचा संबंध आहे. तुम्ही मत दिलं नाहीत तरी कोणी काही म्हणणार नाही.”

बघा, केवढी सोय! तोंड उघडायचीही गरज नव्हती. हा गप्प बसला असता तर चौथं मत पडलं नसतं, कायदा आपोआप बारगळला असता, नोकरीही राहिली असती आणि नावही. पण त्याला शंका आली, आणि शंका आली की तो गप्प बसू शकत नसे.

“मॅडम, म्हणजे इथे जुन्या कायद्याला बरोबरी पुरे, आणि नव्याला मात्र जिंकावंच लागणार?”

मॅडम हसल्या. “हो. जुना बरीच वर्षं चाललाय. त्याला तेवढा फायदा असतो.”

“मग हेच आपण आठ महिने वर राहिलेल्या क्लबाला का नाही द्यायचं?” तो म्हणाला, आणि हात वर केला.

पुढचं वर्ष त्याला जड गेलं. खोटं कशाला सांगू. क्लबच्या मॅनेजरनी बोलावून सांगितलं, करार संपेपर्यंत राहा, पुढे नाही. पोरं पोरं म्हणून वाढवलेले खेळाडू त्याची नजर चुकवायला लागले. न्हाव्याने पुन्हा पैसे घ्यायला सुरुवात केली. कोच तर एकदा भर सरावात ओरडले, “स्वतःच्या पोटावर पाय दिलास तो दिलास, माझ्या डोक्यावर कशाला दिलास रे?” पण आठवा नंबर आता पुरणार नाही हे कळल्यावर क्लब लीगमध्ये जीव तोडून खेळला, असा कधी खेळला नव्हता. दुसरा आला. पहिला आला ताईचाच क्लब.

बाद फेरीत दोन सामने झाले, दोन्ही पाचमिन्ट्याच्या क्लबने सरळ जिंकले. हा बाकावर. आणि अंतिम सामना, भर दुपारी, पहिल्या नंबराच्या मैदानावर. खाणावळीच्या खिडकीतून ते मैदान दिसतं. ताई तिथे उभी होती, ॲप्रन घालून, हातात रिकामं पातेलं धरून. ते खाली ठेवायचं तिला भानच नव्हतं.

नव्वद मिनिटांना एक-एक. जादा वेळ संपत आला तरी एक-एक. एवढ्यात कोचचं बोट वाकलं. मान न वळवता, इतक्या वर्षांच्या सवयीने. आणि पाचमिन्ट्याही सवयीनेच जॅकेट काढून, हातमोजे चढवून त्यांच्या शेजारी उभा. मागे त्यांच्या शहरातून आलेले लोक ओरडायला लागले, “पाचमिन्ट्या! पाचमिन्ट्या!” तेही विसरले होते!

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “आता पेनल्ट्या नाहीत.”

कोचनी त्याच्याकडे बघितलं. रंगच उडाला. “मग आता?”

“आता गोल करायला लागेल.”

तेवढ्यात त्यांच्या संघाला कॉर्नर मिळाला. शेवटचाच. कोचनी एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा याच्या उंचीकडे, वर, आणखी वर. “मग तूच जा,” ते म्हणाले. “तुझ्याएवढं डोकं कोणाचं वर आहे? जा, हेडर मार!”

नेहमीचा गोली बाहेर आला आणि पाचमिन्ट्या आत गेला. पण आपल्या गोलकडे न जाता तडक समोरच्या टोकाला पळत सुटला. निम्म्या लोकांना वाटलं, याला वाट चुकली. तो प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला आणि समोर बघितलं.

गोलकडे तोंड करून तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता. कायम जाळीकडे पाठ. पाठीमागचा तो गोल त्याला नेहमी अवाढव्य वाटायचा, कुठून कुठे धावू असा. इथून बघितला तर काय, एवढासा! मध्ये एक माणूस उभा आणि दोन्ही बाजूंना चिंचोळी फट. अरेच्चा, पेनल्टी मारणाऱ्यांना हा असा दिसत होता होय? मी अडवले ते सगळे गडी याच्याकडे बघत होते? त्या सगळ्यांची एकदम दया आली त्याला. शेवटचा क्षण, अंतिम सामना, आणि हा असल्या शंका काढत उभा!

चेंडू आला. सगळ्यांच्या डोक्यांवरून, अगदी त्याच्याच उंचीला, कपाळावर आदळावा असा. उडायचं आणि मान झटकायची, एवढंच काम होतं. तो उडाला. छान उडाला. आणि दोन्ही हात आपोआप वर गेले, आणि चेंडू त्या हातमोज्यांत असा येऊन बसला की जरा आवाज म्हणून झाला नाही.

त्याने चेंडू छातीशी धरला आणि खाली उतरला. मग त्याला कळलं, आपण काय केलं ते.

मग शिट्टी, आणि मग असा हशा उसळला की विचारता सोय नाही. रेफ्रीने ओठ दाबून धरत त्याला पिवळं कार्ड दाखवलं. समोरच्या गोलीने त्याच्या खांद्यावर थाप मारली, “काय झेल घेतलास, गुरू! मला नसता जमला.” त्यांनी चेंडू लांब मारला, आणि शेवटची शिट्टी वाजली. एक-एक. पहिला नंबर विजेता.

त्याच्या स्वतःच्या लोकांपैकी काही हसत होते, काही शिव्या घालत होते. कोच बाकावर डोकं धरून बसले होते. पाचमिन्ट्या समोरच्या गोलपुढे तसाच उभा. ताई खिडकीतून निघून, कोणाला न जुमानता, ॲप्रनसकट मैदानात घुसली होती. अडवणाऱ्या पहारेकऱ्याला तिने पातेलं दाखवलं म्हणे.

“मुद्दाम केलंस?” तिने धापा टाकत विचारलं.

“नाही गं ताई! हात वर गेले!”

तिने त्याच्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “जातीलच वर,” ती म्हणाली. “दुसरं केलंस काय तू आयुष्यभर!” तोही हसत होता. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला, मोठ्याने, एवढा थोरला माणूस. गोल हुकला म्हणून नव्हे. उद्यापासून बोट वाकवून आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे त्याला आत्ता कुठे खरं वाटलं. ताईने पातेलं गवतावर ठेवलं आणि टाचा उंचावून त्याच्या मानेत हात घातला. पलीकडे तिचा कॅप्टन चषक घेऊन पळत होता. “मिळालं गं काहीतरी पहिल्याला,” पाचमिन्ट्या नाक ओढत म्हणाला. “मिळालं रे,” ताई म्हणाली. “पण तुझं गेलं. ते मला आवडलं नाही.”

दोन-चार दिवसांनी तो बायकोच्या दुकानात जाऊन बसला. काम नव्हतं, घरी बसवत नव्हतं. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ थांबली तेव्हा ती म्हणाली, “ये, बस खुर्चीत. तो चेंडू तुला नीट दिसला तरी होता का, बघू दे.” तिने ती जड चौकट त्याच्या नाकावर चढवली आणि एकेक काच घालायला लागली. समोर भिंतीवर अक्षरं.

“हे बरं की हे?”

“पहिलं.”

“हे बरं की हे?”

“सारखंच.”

तिने आणखी एक काच घातली, काढली, आणि हात न थांबवता, त्याच धंद्याच्या आवाजात विचारलं, “मागचं वर्ष बरं की हे?”

तो नाकावरची चौकट सारखी करायला लागला.

“मला खूश करायला बोलू नकोस,” ती म्हणाली. “दिसतं ते सांग.”

त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं.

“हे,” तो म्हणाला. “यात मी कुठेच नाहीये. पण हे साफ दिसतं.”

तिने चौकट त्याच्या नाकावरून अलगद उतरवली. काचा आतून ओल्या झाल्या होत्या. तिने त्या ओढणीने पुसल्या आणि एकेक करून डब्यात आपापल्या जागी ठेवल्या.